गाडीचा एसी आणि बिघडलेला सेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसी गार हवा देईनासा झाला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो : गॅस भरा. गॅस कमी असेल तर तो बरोबरच आहे. पण अनेकदा गॅस पुरेसा असतो आणि एखाद्या सेन्सरने चुकीचा आकडा कळवल्यामुळे गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) कॉम्प्रेसर चालूच करत नाही. अशा गाडीत आणखी गॅस भरला तर मूळ दोष तसाच राहतो आणि जादा प्रेशरचा नवा दोष वाढतो. म्हणून आधी तपासणी. खालचे आकडे आर-१३४ए गॅसवर चालणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे आहेत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

ब्लोअर चालतो, पण हवा गार नाही. गॅस कमी आहे की सेन्सर गेलाय, हे घरी ओळखता येतं का?

पूर्ण निदान घरी होत नाही, पण दिशा नक्की कळते. इंजिन चालू करा, एसी चालू, तापमान सर्वांत कमी, ब्लोअर मध्यम. बोनेट उघडून कॉम्प्रेसरच्या पुलीकडे पाहा. हात, ओढणी, सैल बाही पट्ट्यापासून लांब ठेवा. बेल्टवरची पुली कायम फिरते. तिच्या पुढची क्लचची चकती मात्र एसी चालू झाल्यावरच ‘टक्’ आवाज करून फिरू लागते.

चकती फिरतेय आणि कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरला परत येणारा जाड पाइप गार होऊन त्यावर पाणी धरतंय, तर गॅस फिरतोय. मग दोष हवेच्या वाटेत शोधायचा : तुंबलेला केबिन फिल्टर, गरम हवेची अर्धवट उघडी राहिलेली झडप. चकती दोन-चार सेकंद धरते, सुटते, पुन्हा धरते, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. चकती जागची हललीच नाही, तर तिच्यापर्यंत हुकूम आलेला नाही किंवा आलेला हुकूम तिने पाळलेला नाही. सेन्सरचा संशय या तिसऱ्या प्रकारात सर्वांत आधी घ्यायचा.

फॅनकडेही लक्ष द्या. एसीचं बटण दाबताच, किंवा नुसती चावी फिरवल्यावर, थंड इंजिन असतानाही रेडिएटरचा फॅन पूर्ण वेगाने सुटतो आणि कॉम्प्रेसर मात्र लागत नाही, ही जोडी दिसली तर प्रेशर सेन्सर किंवा त्याची वायर पहिली तपासा. प्रेशरचा भरवशाचा आकडा मिळाला नाही की बरेच ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन चालू ठेवतात आणि कॉम्प्रेसर बंद.

काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचा उपसा कमी-जास्त करतो. तिथे चकती पाहून काहीच कळणार नाही, गाडीच्या संगणकातले कोड आणि आकडे वाचणारा स्कॅनर लागतोच.

एसीच्या कामात नेमके कोणते सेन्सर असतात?

साध्या, हाताने तापमान लावायच्या एसीत मुख्य दोन : कंडेन्सरकडून (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीकडून) येणाऱ्या बारीक पाइपवरचा प्रेशर सेन्सर, आणि कूलिंग कॉइलच्या पात्यांत खोचलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे ज्याचा विजेचा रोध बदलतो असा सेन्सर. इंजिनच्या कूलंटचा सेन्सरही यात भाग घेतो, कारण इंजिन फार तापलं की ईसीयू एसी तोडतो. पुष्कळ गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा आरशाखाली बाहेरच्या हवेचा सेन्सर असतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर डॅशबोर्डमधल्या बारीक जाळीमागे केबिनचा सेन्सर आणि काचेजवळ काळ्या टोपीखाली उन्हाचा सेन्सर, हे आणखी दोन.

जुन्या गाड्यांत प्रेशर सेन्सरऐवजी प्रेशर स्विच असतो. दोघांत गल्लत करू नका. स्विच फक्त चालू किंवा बंद होतो : गॅसचं प्रेशर साधारण २८ पीएसआयच्या खाली गेलं की तोडतो, फार चढलं तरी तोडतो. सेन्सर सतत बदलणारा आकडा पाठवतो. सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात, स्विचला दोन किंवा चार.

स्कॅनरवर कोणते कोड दिसतात आणि त्यांचा अर्थ काय घ्यायचा?

पी ०५३० म्हणजे प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. पी ०५३१ म्हणजे आकडा येतोय, पण तो पटण्यासारखा नाही. पी ०५३२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार खाली, पी ०५३३ म्हणजे फार वर. पी ०५३४ हा गॅस कमी झाल्याचा इशारा. बाहेरच्या हवेच्या सेन्सरचे कोड पी ००७० ते पी ००७३. पी ०६४५ हा कॉम्प्रेसरच्या रिलेच्या (ईसीयूच्या इशाऱ्यावर वीज जोडणाऱ्या स्विचच्या) सर्किटचा आहे. तो सेन्सरचा नाही, हे लक्षात असू द्या.

कोड आला म्हणजे तो पार्ट बदला, असं समजू नये. कोड फक्त सर्किटचं नाव सांगतो. पी ०५३३ तीन वेगळ्या कारणांनी येऊ शकतो : सेन्सर आतून गेला, त्याची अर्थिंगची वायर तुटली, किंवा फॅन बंद असल्यामुळे प्रेशर खरोखरच चढलं. तिसऱ्या कारणात सेन्सर आपलं काम चोख करत असतो.

आणखी एक अडचण. केबिन, ऊन आणि कूलिंग कॉइल यांचे सेन्सर अनेक गाड्यांत ईसीयूला नव्हे तर एसीच्या वेगळ्या कंट्रोलरला जोडलेले असतात. त्यांचे ‘बी’ने सुरू होणारे कोड स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर वाचत नाही. ‘कोड नाही’ असं दिसलं तरी आधी त्या स्कॅनरने एसीचा कंट्रोलर उघडला होता का, ते विचारा.

सेन्सर खोटं बोलतोय हे पकडण्याची सर्वांत सोपी रीत कोणती?

सकाळची तपासणी. गाडी रात्रभर सावलीत उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी चालू करा आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे) उघडा. बाहेरची हवा, केबिन, कूलिंग कॉइल, इंजिनचा कूलंट, इंजिनात जाणारी हवा, या सगळ्यांचं तापमान त्या वेळी जवळजवळ सारखं असायला हवं. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. चार सेन्सर २६ अंश दाखवताहेत आणि पाचवा ११, तर दोषी कोण ते समजलं. यासाठी काही उघडावं लागत नाही.

त्याच वेळी प्रेशरचाही पडताळा होतो. बंद, निवलेल्या यंत्रणेत दोन्ही बाजूंचं (कमी दाबाची लो साइड आणि जास्त दाबाची हाय साइड) प्रेशर सारखं झालेलं असतं आणि ते फक्त तापमानावर ठरतं. आर-१३४एसाठी गेजवर येणारे आकडे असे : २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. गेज लावला तर त्यावर ९७ दिसतंय आणि स्कॅनर २० सांगतोय, तर गॅस आहे, सेन्सर किंवा त्याची वायर चुकतेय. दोन्हीकडे २० असेल तर सेन्सर खरं सांगतोय आणि गॅस गळून गेलाय. स्कॅनर कधी पीएसआय, कधी बार, कधी किलोपास्कल दाखवतो. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय.

इथे एक सावधगिरी हवी. उभ्या गाडीतलं बरोबर प्रेशर म्हणजे गॅस पुरेपूर आहे, असं नव्हे. यंत्रणेत थोडासा द्रव गॅस उरला असेल तरी तेवढंच प्रेशर दिसतं. या तपासणीतून सेन्सर खरा की खोटा एवढंच ठरतं. गॅस किती आहे ते पूर्ण काढून वजन केल्यावरच कळतं.

तीन वायरींचा प्रेशर सेन्सर मल्टिमीटरने कसा तपासायचा?

आधी वायरिंगच्या नकाशात कोणती वायर कशाची ते पाहा. रंगावरून अंदाज बांधू नका. एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची.

कनेक्टर काढा, चावी चालू, इंजिन बंद. कनेक्टरच्या बाजूने ५ व्होल्ट आणि अर्थ यांच्यात मोजा : ४.९ ते ५.१ यायला हवेत. ते येत नसतील तर सेन्सर बदलून काहीही साधणार नाही. ५ व्होल्टची ही वायर बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या दुसऱ्या सेन्सरांशी सामाईक असते, आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला की एसीचा सेन्सरही आंधळा होतो. तेव्हा बाकीचे एकेक कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो खरा गुन्हेगार.

५ व्होल्ट आणि अर्थ ठीक असतील तर कनेक्टर परत लावा आणि सिग्नलच्या वायरवर मागून बारीक पिन घालून मोजा. वायरीचं रबर टोचून भोक पाडू नका. पावसाळ्यात तिथूनच तांबं हिरवं पडतं. सेन्सरचा पल्ला बहुधा ०.५ ते ४.५ व्होल्टचा असतो. उभ्या गाडीत, ३० अंशांच्या आसपास, १ ते १.६ व्होल्ट मिळणं सर्वसाधारण आहे. कॉम्प्रेसर लागला की तो सावकाश चढायला हवा. अगदी ० किंवा अगदी ५ वर चिकटलेला सिग्नल म्हणजे तुटलेली किंवा शॉर्ट झालेली वायर, नाहीतर मेलेला सेन्सर.

दोघांतलं कोण, ते ठरवायला कनेक्टर पुन्हा काढून त्याच्या बाजूच्या सिग्नल आणि ५ व्होल्टच्या पिना फ्यूज लावलेल्या तुकड्याने क्षणभर जोडा. स्कॅनरवरचं प्रेशर शेवटच्या टोकाला गेलं तर सिग्नलची वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक आहेत. मग सेन्सर बदला. आकडा हललाच नाही तर वायर शोधा. या तपासणीत बॅटरीचे १२ व्होल्ट कुठेही जोडू नका. ईसीयूचं नुकसान होतं.

फोक्सवॅगन-स्कोडा गटाच्या बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर सरळ व्होल्टेज देत नाही, चौकोनी लहरींचा सिग्नल पाठवतो. साध्या मीटरवर तिथे अर्धवट आकडा दिसतो आणि चांगला सेन्सर फेकला जातो. अशा गाडीत स्कॅनर किंवा ऑसिलोस्कोपच वापरा.

एसी तासभर छान चालतो, मग हवेचा जोर कमी होत होत बंद पडतो. पंधरा मिनिटं एसी बंद ठेवला की परत नीट. हे काय आहे?

कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारख्या सलग प्रवासात, त्यातही दमट हवेत, हे हमखास उघडं पडतं. कॉइलच्या पात्यांतून हवा जायला जागाच उरत नाही. ब्लोअरचा आवाज येतो, हवा येत नाही. थांबल्यावर गाडीखाली नेहमीपेक्षा बरंच पाणी सांडतं, कारण तो बर्फ वितळलेला असतो.

कॉइलचं तापमान १ ते ४ अंशांच्या दरम्यान आलं की कॉम्प्रेसर सुटायला हवा, आणि ते कळवणं थर्मिस्टरचं काम आहे. तो बिघडला की कॉइल गोठत जाते. पण थर्मिस्टर मागवण्याआधी केबिन फिल्टर काढून पाहा. धुळीने माखलेला फिल्टर हवा अडवतो, आणि हवा कमी मिळाली तरी कॉइल गोठायला लागते. ब्लोअर सतत एक नंबरवर ठेवण्याचाही हातभार लागतो.

फिल्टर ठीक असेल तर लाइव्ह डेटामध्ये कॉइलचं तापमान लावून गाडी चालवा. बर्फ धरलाय आणि आकडा ८-१० अंश सांगतोय : थर्मिस्टर चुकतोय, किंवा पात्यांतून निसटून बाहेर लोंबतोय. कॉइल साफ करताना तो काढून भलत्या जागी परत खोचला जाणं हे फार नेहमीचं कारण आहे. आकडा १ किंवा ० अंश सांगतोय, तरीही क्लच सुटत नाही : थर्मिस्टर निर्दोष आहे, रिलेचे पॉइंट चिकटलेत. रिले काढल्यावरही चकती फिरत राहिली तर क्लचच अडकलाय.

थर्मिस्टर काढल्यावर त्याची परीक्षा अगदी साधी आहे. ग्लासभर ठेचलेला बर्फ घ्या, तो भिजेल इतकं पाणी घाला, ढवळा. हे ० अंश. आधी खोलीच्या तापमानाला ओहममध्ये मोजा, मग टोक बर्फात बुडवून दोन मिनिटं थांबा. २५ अंशांना येणाऱ्या आकड्याच्या साधारण तिप्पट आकडा ० अंशांना यायला हवा, आणि वाटेत तो कुठेही उडी न मारता चढायला हवा. नेमके ओहम गाडीप्रमाणे बदलतात. मीटर ‘अनंत’ दाखवत असेल तर थर्मिस्टर आतून तुटलाय. मग बर्फ धरत नाही, कॉम्प्रेसर मुळी लागतच नाही, कारण ईसीयूला वाटतं की कॉइल उणे ४० अंशांवर आहे.

बंपरचं काम करून आणल्यापासून एसी बंद आहे. संबंध असेल का?

दाट शक्यता आहे. बाहेरच्या हवेचा सेन्सर बंपरमागेच असतो आणि काम झाल्यावर त्याचा कनेक्टर लावायचा राहून जातो. कडक थंडीत कॉम्प्रेसर लागू नये अशी सोय अनेक गाड्यांत असते. सेन्सर तुटला की तापमान उणे ४० वाचलं जातं आणि नागपूरच्या मे महिन्यातही गाडी एसी लावायला नकार देते. डॅशबोर्डच्या मीटरवर बाहेरचं तापमान दिसत असेल तर ते पाहा : ‘--’ किंवा ‘-४०’ म्हणजे उत्तर मिळालं.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर याच कनेक्टरच्या पिना खाऱ्या हवेने गंजतात. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या तरी पुष्कळदा काम भागतं. सेन्सर बदलल्यावर आकडा लगेच बदलला नाही तर घाबरू नका. इंजिनच्या उष्णतेने फसू नये म्हणून काही गाड्या हा आकडा मुद्दाम सावकाश चढवतात. थोडं अंतर चालवल्यावर तो जागेवर येतो.

सिग्नलला उभं राहिलं की हवा कोमट, हायवेला गार. सेन्सर?

बहुतेक वेळा नाही. कंडेन्सरचा फॅन बंद किंवा मंद आहे, नाहीतर कंडेन्सर चिखल-किड्यांनी भरलाय. चालत्या गाडीत समोरून वारा मिळतो म्हणून निभावतं. फॅनची मोटर, रिले, फ्यूज आधी पाहा. फॅनला थेट १२ व्होल्ट दिल्यावर तो जोरात फिरतोय, पण स्कॅनरवर प्रेशर २५० पीएसआयच्या पुढे जाऊनही ईसीयू त्याला चालू करत नाही, तर रिले आणि वायरिंग तपासा. गेजवर तेवढं प्रेशर आहे आणि स्कॅनर कमी दाखवतोय, तरच सेन्सरकडे वळा.

घाट चढताना एसी मध्येच बंद होतो, हा दोष आहे का?

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की काही सेकंद कॉम्प्रेसर सोडणं हे कंपनीनेच ठेवलेलं असतं. दोष तेव्हा, जेव्हा एसी बराच वेळ परत येत नाही. कूलंटचं तापमान साधारण ११० अंशांच्या आसपास गेलं की ईसीयू इंजिन वाचवायला एसी तोडतो. इंजिन खरंच तापतंय की कूलंट सेन्सर उगाच तसं सांगतोय, हे सकाळच्या तपासणीत आणि कूलंटच्या पाइपवर धरलेल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने उलगडतं. ते ठरेपर्यंत तापमानाचा काटा वर दिसला तर गाडी बाजूला घ्या. सेन्सर खोटं बोलत असेल असं धरून घाट चढू नका.

क्लायमेट कंट्रोलमध्ये २४ लावलं तरी केबिन कधी गारठते, कधी उकडते.

केबिनच्या सेन्सरवर छोट्या पंख्याने किंवा नळीने हवा ओढली जाते. जाळीत धूळ साचली किंवा मागची नळी सुटली की सेन्सर डॅशबोर्डची उष्णता मोजत बसतो आणि एसी गरजेपेक्षा जोरात चालतो. जाळी मऊ ब्रशने साफ करा. उन्हाच्या सेन्सरवर गणपतीची मूर्ती, पार्किंगचा पास, डॅशबोर्डचं आच्छादन असं काही ठेवू नका. त्याचा कोड गॅरेजच्या अंधाऱ्या शेडमध्ये आपोआप येऊ शकतो. गाडी उन्हात काढून पुन्हा पाहिल्याशिवाय तो सेन्सर बदलायचा नाही.

तात्पुरतं म्हणून सेन्सर किंवा स्विच बायपास केला तर?

करू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर चालवला तर तो कोरडा घासतो आणि जाम होतो. त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जातो. मग एका सेन्सरच्या जागी कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर असं सगळं बदलावं लागतं. दोन वायरींचा स्विच, गेजवर पुरेसं प्रेशर दिसत असेल तेव्हाच, काही सेकंद जोडून क्लच लागतो का एवढं पाहणं ठीक आहे. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये पिना जोडून कॉम्प्रेसर लागत नाही.

सेन्सर बदलताना गॅस काढावा लागतो का?

तापमानाच्या सेन्सरांना नाही. प्रेशर सेन्सरखाली काही गाड्यांत टायरच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो आणि सेन्सर काढताच तो बंद होतो. काहींत तो नसतो, आणि सेन्सर सैल करताच द्रव गॅस बाहेर उडून डोळ्याला, हाताला हिमदाह होतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खात्री झाली नसेल तर मशीनने गॅस काढूनच काम करा. चष्मा आणि हातमोजे दोन्ही प्रकारांत हवेतच.

ओ-रिंग नवी आणि एसीसाठीचीच घाला, तिला एसीच्या तेलाचा हात लावा, आणि पाइप ॲल्युमिनियमचा आहे हे लक्षात ठेवून मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. गॅस काढला असेल तर किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम, नंतर पंप बंद करून व्हॅक्यूम टिकतो का ते पाहणं, आणि मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस. लहान हॅचबॅकमध्ये तो बहुधा ३०० ते ४५० ग्रॅम असतो. त्यात ५०-६० ग्रॅमची चूकही जाणवते, म्हणून नुसत्या गेजच्या अंदाजाने भरलेला गॅस आम्ही योग्य मानत नाही.

नवा सेन्सर टाकला, दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता?

वायर. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. अर्धी तुटलेली वायर खड्ड्यात सुटते, गुळगुळीत रस्त्यावर जोडली जाते. लाइव्ह डेटा चालू ठेवून वायरींचा जुडगा कनेक्टरपासून हळूहळू हलवत मागे जा. ज्या जागी आकडा उडी मारतो तिथे टेप सोडून आत पाहा. कनेक्टरमधल्या पिना सैल झाल्यात का तेही बघा. आणि आणलेला सेन्सर त्याच पार्ट नंबरचा आहे का? आटे जुळले, कनेक्टर बसला, तरी आतलं व्होल्टेजचं प्रमाण वेगळं असू शकतं. मग नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून चुकीचा आकडा देतो.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत काय वेगळं?

कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो. नारिंगी वायरींना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही. त्यात जीव जाऊ शकतो. तेलही वेगळं, विजेला रोध करणारं असतं. नेहमीचं पीएजी तेल थोडं जरी गेलं तरी इन्सुलेशन खराब होऊन गाडी हाय व्होल्टेजची यंत्रणाच बंद करू शकते. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीही याच गॅसवर गार होते, त्यामुळे एसीचा प्रेशर सेन्सर गेला की फास्ट चार्जिंगचा वेग घटू शकतो. अशा गाडीत ‘एसी नसला तरी चालेल’ म्हणून सोडून देऊ नका.

काम झाल्यावर गॅरेजमधून निघताना काय तपासून घ्यावं?

गाडी सावलीत, दारं बंद, हवा आतल्या आत फिरवायच्या बटणावर, ब्लोअर जोरात. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर धरा. बाहेर ३५ अंश असताना ६ ते १२ अंश यायला हवेत. त्याच वेळी लो साइडचं प्रेशर साधारण २५ ते ४० पीएसआय आणि हाय साइडचं २०० ते २७५ असतं. हाय साइडचा गेजवरचा आणि स्कॅनरवरचा आकडा शेजारी शेजारी दाखवायला सांगा. दोन्हींत १०-१५ पीएसआयपेक्षा जास्त तफावत नको. किती ग्रॅम गॅस काढला आणि किती भरला, ते बिलावर लिहून घ्या. काढलेला गॅस स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला असेल तर सेन्सर बदलूनही गळती अजून तशीच आहे, आणि गाडी घेण्याआधी ती शोधायला सांगा.